वॉर्निश आणि अपग्रेड

लिनक्सचा डेस्कटॉप अपग्रेड केला आणि पडदा काळा झाला. मधोमध माऊसचा बाण तेवढा उरला. खालची पट्टी गायब, मेनू गायब. अजिंठ्याच्या माणसाला खरं तर याचं नवल वाटू नये. बरं चाललेलं अधिक बरं करायला गेलं की काय होतं, ते घाट उतरून लेण्यांत गेलं की दिसतं.

१९२०च्या सुमारास निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञाला लेण्यांत बोलावलं. त्याने सुटू लागलेले पापुद्रे भिंतीला पक्के बसवले, त्याबद्दल आभारच. पण वरून लाखेचं वॉर्निशही फासलं. चित्रं आधी चकाकली, मग पिवळी पडली. पुढच्या पिढ्या ते वॉर्निश उतरवत बसल्या.

बॅकअप? होता की! चित्रकार रॉबर्ट गिलने काढलेल्या या चित्रांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे चित्रकार ग्रिफिथ्सच्या चमूने त्या पुन्हा काढल्या. १८८५मध्ये त्यांतल्याही कितीतरी लंडनमध्येच जळाल्या.

माझं त्या मानाने स्वस्तात निभावलं. कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून टर्मिनल गाठलं, जुन्या सेटिंग्जच्या फोल्डरचं नाव बदललं, मशीन पुन्हा सुरू केलं. डेस्कटॉप परत आला, कोरा करकरीत. जुन्या थीमचं नव्या घराशी जमत नव्हतं, एवढंच.

वॉलपेपर पुन्हा लावतोय तोच कोपऱ्यात सूचना उगवली : नवी आवृत्ती उपलब्ध आहे. वॉलपेपरवरच्या, अजिंठ्याच्याच पद्मपाणीची नजर खाली झुकलेलीच होती. त्याने हे सगळं आधीच भोगलंय.