माधव नगरातील मोटारखरेदी: कर, विमा, ॲव्हरेज आणि मुहूर्त

मोटार विकत घेण्याच्या निर्णयाचे दोन भाग पडतात: कोणती घ्यायची आणि कधी घ्यायची. अर्थशास्त्राचे ग्रंथ पहिल्या भागावर शाई खर्च करतात. उज्जैनच्या माधव नगरात, म्हणजे सारे शहर ज्याला फ्रीगंज म्हणते त्या वस्तीत, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांमध्ये मात्र दुसऱ्या भागाचा निकाल लागेपर्यंत पहिल्याला हात घालण्याची रीत नाही. ही रीत भाबडी समजून सोडून देणे अभ्यासकाला परवडणारे नाही, कारण अलीकडे सरकारांनी करसवलतींच्या तारखा अशा बेताने ठरवल्या आहेत की, पंचांग न पाहता मोटार घेणाऱ्याचे रोख नुकसान होते.

याचा पहिला पुरावा केंद्र सरकारचा आहे. छोट्या मोटारींवरील, म्हणजे लांबीला चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपेक्षा मोठे नसलेल्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर उपकरासह २९ टक्क्यांच्या घरात होता, तो १८ टक्के करण्याचा निर्णय ३ सप्टेंबर २०२५ रोजी जाहीर झाला आणि अंमल २२ सप्टेंबरपासून ठरला. मधल्या दिवसांत पितृपक्ष होता, ज्यात तसेही कोणी चारचाकीचे नाव काढत नाही, आणि २२ तारखेला घटस्थापना होती. अर्थखात्यात कोणी दाते पंचांग उघडून बसले होते असा दावा येथे केलेला नाही; पितरांच्या पंधरवड्यात थांबलेल्या माणसाला थांबण्याचे पैसे मिळाले, एवढीच नोंद पुरेशी आहे.

दुसरा पुरावा खास उज्जैनचा असून तो अधिक सखोल विवेचनास पात्र आहे. ग्वाल्हेरला माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत १९०५ साली गुरांचा मेळा सुरू झाला. पुढे गुरांची जागा हळूहळू यंत्रांनी घेतली आणि त्या मेळ्यात घेतलेल्या वाहनाच्या मोटार वाहन करात, म्हणजे नोंदणीच्या वेळी राज्याला एकरकमी भरावयाच्या आजीवन करात, निम्मी सूट देण्याची प्रथा पडली. ज्या माधवरावांच्या नावाशी वस्तीचे नाव जुळते त्यांच्या मेळ्यातली सवलत ग्वाल्हेरकरांनी उपभोगावी आणि माधव नगरने पूर्ण कर भरावा, हा अन्याय २०२४ साली दूर झाला. त्या वर्षी उज्जैनच्या विक्रमोत्सवातील व्यापार मेळ्यातही करात ५० टक्के सूट मिळाली, मुदत १ मार्च ते ९ एप्रिल अशी होती आणि नोंदणी उज्जैनच्याच परिवहन कार्यालयात करण्याची अट होती. परिणामी एरवी एमपी ०९ या क्रमांकाचा अभिमान बाळगणाऱ्या इंदूरच्या अनेक मावसभावांच्या मोटारींवर एमपी १३ ही अक्षरे आली, आणि माधव नगरच्या मावश्यांनी तो विषय कोणत्याही लग्नात निघाल्याशिवाय राहू दिला नाही.

या मुदतीत एक शास्त्रीय अडचण होती. उत्तरेकडच्या गणनेनुसार सूर्य मीन राशीत असताना खरमास असतो आणि त्यात शुभ खरेदी वर्ज्य मानतात. २०२४ साली हा काळ १४ मार्चच्या सुमारास सुरू होऊन १३ एप्रिलपर्यंत चालला, म्हणजे सवलतीचे जवळजवळ दोनतृतीयांश दिवस निषिद्धात गेले. शेजारचे माळवी कुटुंब त्यामुळे पहिल्या पंधरवड्यातच घाईने मोकळे होते किंवा शास्त्राला बगल देते. मराठी कुटुंबाला दोन्हींची गरज पडत नाही, कारण सवलतीचा शेवटचा दिवस, ९ एप्रिल, हा गुढीपाडवा होता, आणि साडेतीन मुहूर्तांपैकी एक असल्यामुळे पाडव्याला दुसऱ्या कोणत्याही मुहूर्ताची परवानगी लागत नाही. शहर विक्रम संवत मानते आणि घरात शालिवाहन शक चालते. ज्या दोन राजांचे परंपरेने कधी पटले नाही त्यांचे नवे वर्ष चैत्र प्रतिपदेलाच लागते, आणि त्या वर्षी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पावती फाडली तर कर निम्मा लागत होता. अशी एकवाक्यता धर्मशास्त्राच्या इतिहासात दुर्मीळ आहे.

मुहूर्त ठरल्यावर किमतीचा विचार करण्यास हरकत नाही. शोरूममध्ये मिळणाऱ्या कागदाला कोटेशन म्हणतात आणि तो खालून वर वाचावा. सर्वांत वरचा आकडा एक्स-शोरूम किंमत, म्हणजे वस्तू व सेवा करासह गाडीची मूळ किंमत, आणि सर्वांत खालचा ऑन-रोड, म्हणजे खात्यातून प्रत्यक्ष जाणारा. या दोहोंच्या मधल्या ओळींत आरटीओ, विमा आणि फास्टॅग ही अटळ मंडळी असतात, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून ॲक्सेसरीज किट, वाढीव वॉरंटी आणि हाताळणी खर्च अशी हौशी मंडळीही उभी असतात. किटमध्ये मडफ्लॅप, पायपुसणीवजा मॅट, सीट कव्हर आणि डॅशबोर्डावर चिकटवायचा गणपती येतो. यांतील गणपती वगळता बाकी सर्व फ्रीगंजच्याच दुकानांत स्वस्त मिळते, हे ठाऊक असूनही ‘गणपती काढून टाका’ असे म्हणण्याचे धैर्य कोणाला होत नाही, त्यामुळे किट अखंड राहते.

आता सवलतीच्या खऱ्या परिणामाकडे वळता येईल. समजा आठ लाखांच्या मोटारीवर कर ६४ हजार होतो. मेळ्यात तो ३२ हजार झाला. हे ३२ हजार ‘वाचले’ असे घरात जाहीर होते आणि त्याच संध्याकाळी त्यांचा विनियोग सुरू होतो. वाचलेले आहेतच तर वरचे मॉडेल का नको, असा प्रश्न धाकटे काका मांडतात. वरच्या मॉडेलला लाखभर रुपये जास्त पडतात आणि त्याला सनरूफ, म्हणजे छताला उघडणारी काच असते, जी माळव्यातल्या मे महिन्यात कोणत्या वेळी उघडावी याबद्दल कंपनीची पुस्तिका मौन पाळते. ३२ हजार वाचवण्यासाठी एक लाख खर्च करणे हा व्यवहार लेखापालाला पटणार नाही. पण लेखापाल शोरूमच्या सोफ्यावर बसलेला नसतो आणि ‘अंकलजी, छूट आज रात तक ही है’ हे वाक्य त्याच्या कानावर पडलेले नसते.

इंधनाच्या प्रश्नावर सर्वाधिक वेळ खर्च होतो, म्हणून त्याचे तत्त्व स्पष्ट करणे भाग आहे. एका लिटरमध्ये गाडी जितके किलोमीटर जाते त्याला बाजारात ॲव्हरेज म्हणतात, आणि ‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न घरातील प्रत्येक सज्ञान पुरुषाने एकदा तरी विचारल्याशिवाय खरेदी कायदेशीर मानली जात नाही. कंपनी जो आकडा सांगते तो प्रमाणित चाचणीतून येतो. अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांत पुण्याची, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया प्रसिद्ध आहे. या चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. ती रोलरांवर उभी करून ठरलेल्या आराखड्यानुसार १,१८० सेकंद, सुमारे साडेदहा किलोमीटर चालवली जाते, वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि वातानुकूलन बंद असते. टॉवर चौकातून निघून फ्रीगंजच्या पुलावरून जुन्या शहरात शिरणाऱ्या आणि गोपाळ मंदिरापाशी ई-रिक्षा, हातगाडी व निवांत बसलेली गाय यांच्या समाईक संमतीची वाट पाहणाऱ्या मोटारीशी या आराखड्याचे नाते दूरचे आहे. जाहिरातीतला २२ चा आकडा येथे १५ वर आला तर इंजिनाला दोष देऊ नये.

परंतु खरा मुद्दा याहून पुढचा आहे. माधव नगरातील मोटार मुख्यतः उभी असते. भाजी, बँक आणि दवाखाना पायी किंवा स्कूटरवर होतात. मोटार रविवारी चिंतामण गणेशाला, महिन्यातून एकदा इंदूरला आणि लग्नसराईत देवासला जाते. अशा गाडीचे वर्षाला सहा हजार किलोमीटर धरले आणि पेट्रोल लिटरला १०६ रुपये धरले, तर १५ ॲव्हरेजच्या गाडीला वर्षाकाठी ४२,४०० रुपयांचे पेट्रोल लागते आणि २० ॲव्हरेजच्या गाडीला ३१,८०० रुपयांचे. फरक १०,६०० रुपये. दुसरीकडे, विम्याच्या प्रचलित तक्त्यानुसार मोटारीचे वय एका वर्षाच्या पुढे गेले की तिच्या किमतीत २० टक्के घसारा, म्हणजे वापराने व वयाने होणारी घट, धरतात. आठ लाखांवर ती एक लाख साठ हजार होते. ज्या ॲव्हरेजच्या चर्चेत तीन रविवार, दोन जावई आणि एक निवृत्त अभियंता खर्ची पडले, तिचे पंधरा वर्षांचे फळ पहिल्या वर्षाच्या घसाऱ्याएवढे भरते, आणि घसाऱ्याबद्दल शोरूममध्ये कोणी ब्र काढत नाही.

सीएनजीचे गणितही याच मार्गाने जाते. उज्जैनला हा वायू पुरवणाऱ्या कंपनीने नगरीचेच प्राचीन नाव, अवंतिका, धारण केलेले असल्यामुळे तो भरताना थोडे पुण्य लागत असावे. पण सीएनजी गाडीला ९० हजार जास्त मोजून किलोमीटरमागे दोन-सव्वादोन रुपये वाचत असतील, तर मुद्दल वसूल व्हायला ४० हजारांच्या वर किलोमीटर, म्हणजे या वस्तीच्या चालीने सात वर्षे लागतात. तोवर डिकीत सिलिंडर असतो आणि आत्याची बॅग मांडीवर.

विम्याचा भाग सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत कमी वाचला जाणारा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार तृतीय पक्ष विमा सक्तीचा असतो. पहिला पक्ष मालक, दुसरा विमा कंपनी आणि तिसरा ज्याला धडक बसली तो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचा दर सरकार ठरवते, त्यामुळे घासाघीस व्यर्थ आहे. जून २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या नव्या मोटारीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये होते. शेजाऱ्याच्या भिंतीचे नुकसान या विम्यात साडेसात लाखांपर्यंत बसते, मात्र स्वतःच्या फाटकाचे बसत नाही, कारण स्वतःचे फाटक हा तृतीय पक्ष नव्हे. नवशिक्या मुलाने गाडी मागे घेताना हा भेद ध्यानात ठेवल्यास कायद्याचा पूर्ण लाभ मिळू शकतो.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा असतो, आणि तो शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही. दोन-तीन कंपन्यांचे दर मागवले की शोरूमचाही दर आश्चर्यकारक रीतीने नरम होतो. त्यात आयडीव्ही हा शब्द येतो, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली तर मिळणारी कमाल रक्कम. हप्ता कमी व्हावा म्हणून आयडीव्ही खाली आणणारे गृहस्थ दर वर्षी हजार रुपये वाचवतात आणि चोराची वाट पाहत नाहीत, एवढाच त्यांच्या योजनेचा दोष.

याहून बारीक विषय नो क्लेम बोनसचा. दावा न केल्यास पुढच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि अखेर ५० टक्के सूट मिळत जाते. एक दावा केला की पुन्हा शून्य. तिसऱ्या वर्षी पटणी बाजारात हातगाडीला घासून बंपर फुटला असे धरावे: बंपर ४,००० आणि मजुरी १,०००. साध्या विम्यात प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणून बंपरचे २,००० मिळतात, मजुरीचे १,०००, आणि त्यातून सक्तीचे १,००० रुपये मालकाला स्वतः सोसावे लागतात. हातात येतात २,०००. उलट नुकसानीच्या विम्याचा हप्ता १०,००० असेल, तर पुढच्या वर्षी मिळणारी ३५ टक्के सूट, म्हणजे ३,५०० रुपये, गेली, आणि शिडी पहिल्या पायरीपासून चढायची. आजोबांचा आग्रह असतो की, विम्याचे पैसे भरले आहेत तर ते वसूल झालेच पाहिजेत. त्यांच्यापुढे हा हिशेब कागदावर मांडावा, तोंडी मांडू नये.

गाडी घरी आणण्याच्या विधीत चार लिंबांचा खर्च नगण्य आहे आणि सीटवरचे प्लॅस्टिक किती वर्षे ठेवायचे हा कुटुंबाचा अंतर्गत प्रश्न आहे. दखल घ्यावी अशी शेवटची बाब म्हणजे पुण्याचा मुलगा. मेळ्यात अर्ध्या करात घेतलेली मोटार दोन वर्षांनी ‘तिकडे पडूनच असते’ या कारणाने पुण्यास जाते. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथे नव्याने नोंदणी करावी लागते, उज्जैनच्या कार्यालयातून ना हरकत दाखला आणावा लागतो, आणि महाराष्ट्राचा कर, जो दहा लाखांपर्यंतच्या नव्या पेट्रोल मोटारीला ११ टक्के आहे, वाहनाच्या वयानुसार काही कमी होऊन भरावा लागतो. मध्य प्रदेशात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण मुळात निम्माच भरलेला असल्याने परतावाही त्याच मापाने मिळतो. त्यामुळे बहुतेक घरांत मुलाला अकरा महिने गाडी पुण्यात ठेवून बाराव्या महिन्यात पाडव्याला घरी यायला सांगतात, आणि जाण्यायेण्याच्या पेट्रोलचा हिशेब कोणी मांडत नाही.