नुसती नोंद घ्या

"कारवाई वगैरे काही नको साहेब, नुसती नोंद घ्या."

नानांचा प्रत्येक फोन या वाक्यावर संपतो आणि ठाणे अंमलदाराची डोकेदुखी तिथून सुरू होते. कारवाई सोपी असते. पोरांना दरडावलं, गाडी बाजूला काढायला लावली, डीजेवाल्याची वायर ओढली, मिटलं. नोंदीला तारीख लागते, वेळ लागते, कारण लागतं. शिवाय ती झाली की नाही, आणि झाली असेल तर ऱ्हस्व-दीर्घासकट झाली की नाही, हे बघायला दुसऱ्या दिवशी सकाळी नाना जातीने हजर असतात.

नाना काही एकच नाहीत. डोंबिवलीत कुठल्याही गल्लीत शिरा, दर दोन-तीन सोसायट्यांमागे एक नाना सापडेल. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे भाऊ, आणि पाठीमागे सगळीकडे 'शंभर नंबर'. पोलिसांचा शंभर जाऊन एकशे बारा आला, पण टोपणनाव बदलण्याची तसदी कुणी घेतली नाही. आमच्या बिल्डिंगचे नाना निवृत्त झाले ते एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षातून. उभी हयात त्यांनी दुसऱ्यांनी केलेल्या नोंदी सांभाळल्या. निवृत्तीनंतर कपाट गेलं, किल्ल्या गेल्या, शिपाई गेला; नोंदीची भूक तेवढी राहिली. खिशात लाल पट्टीची छोटी वही असते. तिच्यात गाड्यांचे नंबर, पाणी आल्याच्या-गेल्याच्या वेळा, कचरागाडीचे खाडे, आणि लिफ्टमध्ये पानाची पिंक टाकणाऱ्या संशयिताचं वर्णन.

डोंबिवलीत राहून माणूस संशयी झाला तर त्याला दोष देता येत नाही म्हणा. या गावात २०१४ साली हिरवा पाऊस पडला. २०२० साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि तो बघायला खुद्द मुख्यमंत्री आले. जिथे आभाळाचा आणि रस्त्याचा रंग भरवशाचा नाही, तिथे जिन्याखाली बेवारस पिशवी दिसली तर एखादा माणूस फोन करणारच. पिशवीत निर्माल्य निघालं ही गोष्ट वेगळी. नानांनी त्याचीही नोंद घ्यायला लावली: 'पिशवीत सुकलेली फुले व दुर्वा आढळून आल्या.'

एकशे बारा आल्यापासून नानांची प्रतिष्ठा वाढली, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. पूर्वी फोन गावातल्या गावात फिरायचा. आता तो आधी नवी मुंबईत महापेला जातो, तिथल्या लाइनी भरलेल्या असतील तर नागपूरला. तिथली मुलगी नाव-पत्ता विचारते, आणि मग आमच्याच नाक्यावर उभ्या असलेल्या पोलीस गाडीतल्या पडद्यावर सगळा मजकूर उमटतो. म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची कुरबुर तळमजल्याला कळायच्या आत नागपूरला कळलेली असते. एकदा नागपूरच्या मुलीने "काका, जेवण झालं का?" असं विचारलं, तर नाना आठवडाभर सांगत होते, "राज्य पातळीवर आपली दखल आहे."

त्यांचं गाजलेलं प्रकरण म्हणजे वरच्या मजल्यावरची ठकठक. रात्री साडेअकराला सुरू व्हायची. ठक ठक ठक, मग थांबायची, मग पुन्हा दोनदा ठक. नानांनी वहीत ठोक्यांचा तक्ता केला. त्यांचा संशय बेकायदा बांधकामावर होता, मग भिंत फोडून तिजोरी बसवण्यावर गेला, आणि शेवटी, काकूंच्या म्हणण्याप्रमाणे, नोटा छापण्यावर. एका रात्री बीट मार्शल आले. एक तरुण, एक पोट सुटलेले हवालदार. दोघे वर गेले, मागून वही घेऊन नाना, नानांच्या मागून चपला हातात घेऊन आम्ही.

दार एका आजींनी उघडलं. आत फरशीवर पितळी खलबत्ता, बाजूला अडकित्ता, चुन्याची डबी. आजींचे दात गेले होते, सुपारी सुटली नव्हती. कातरलेली सुपारी कुटून कुटून तिचा भुगा करायचा, तो विड्यात घालायचा आणि मगच आडवं व्हायचं. ते दोनदा ठक? खलाला चिकटलेला भुगा झटकायला. हवालदारांनी खलबत्ता उचलून पाहिला, वजन हातात तोललं आणि म्हणाले, "आजी, आमच्या आईचा असाच होता. भावाने मोडीत काढला." मग त्यांनी स्वतः आतून गोधडी आणली, चार पदरी घडी करून खलाखाली सरकवली, आणि दोन ठोके मारून नानांकडे पाहिलं. "येतंय का ऐकू?" नाना खाली जाऊन आपल्या हॉलमध्ये उभे राहिले. तिथून त्यांनी खिडकीतून ओरडून सांगितलं, "अंशतः!" तोवर वर विडे लागले होते. डायरीत पडलं: 'तक्रारदार यांचे समाधान झाले.' ही नोंद वस्तुस्थितीला धरून नाही, असा अर्ज नानांनी आठवड्याने दिला.

पोलिसांच्या सहवासात राहून नानांची भाषा पार बदलली. काकूंचा डोअरमॅट गेला तेव्हा नानांनी तोंडी सांगितलेली तक्रार जशीच्या तशी टाइप करता आली असती: "कोणीतरी अज्ञात इसमाने, लबाडीच्या इराद्याने, स्वतःच्या फायद्याकरिता, आमच्या संमतीशिवाय चोरून नेला." मॅट दोन दिवसांनी गच्चीवर सापडला, त्यावर मांजर आणि तिची तीन पिल्लं. "अज्ञात इसम" हे शब्द खोडून काय लिहायचं यावर ठाण्यात बराच खल झाला. घरी जेवताना सुद्धा नाना म्हणतात, "सदर आमटीत मीठ कमी असल्याचे दिसून येते." काकूंचं उत्तर ठरलेलं आहे: "समज देऊन सोडून द्या."

१ जुलै २०२४ ला देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले, तो नानांच्या आयुष्यातला सर्वात अवघड सोमवार. १८६० सालची दंड संहिता त्यांना पाढ्यासारखी पाठ. शिवीगाळ म्हटली की ५०४, धमकी ५०६, किरकोळ मारहाण ३२३. हे आकडे तोंडावर फेकले की नवखा शिपाई उठून खुर्ची द्यायचा. एका रात्रीत शिवीगाळ ३५२ झाली, धमकी ३५१, मारहाण ११५ आणि तीही पोटकलमासकट. चारशेवीस तीनशे अठरावर आला. नाना सकाळीच ठाण्यात पोचले. तिथे ठाणे अंमलदार भिंतीवरच्या 'जुने कलम – नवे कलम' या तक्त्यासमोर चष्मा कपाळावर चढवून उभे होते. बारा-तेरा वर्षं एकमेकांना वैतागलेली ही दोन माणसं त्या दिवशी पहिल्यांदा एका बाजूला आली. नाना तक्ता वाचत होते, अंमलदार लिहून घेत होते. चहा अंमलदारांनी मागवला. नानांनी पैसे देऊ केले, आणि घेतले नाहीत याची वहीत नोंद केली.

कायदा त्यांना खरंच येतो, हे मान्य करायला हवं. नाशिकच्या अकादमीतून ताज्या ताज्या बाहेर पडलेल्या एका फौजदाराने त्यांना दम भरला होता, "काका, पोलिसांना खोटी माहिती दिली तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो, ठाऊक आहे ना?" नाना शांतपणे म्हणाले, "जुनं १८२, नवं २१७. पण माहिती खोटी आहे हे देणाऱ्यालाच ठाऊक असावं लागतं साहेब. मला ती मनापासून खरी वाटली होती." फौजदाराने कपाळाला हात लावला. ठाण्यात बदलून आलेल्याला बीट समजावून देताना, असं ऐकतो, जुने लोक सांगतात: "दोन हिस्ट्रीशीटर, एक गावठी दारूचा अड्डा, एक नाना."

नानांचं खरं पीक गणपतीत येतं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात, की राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. नातवाने मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप टाकून दिल्यापासून नाना हे आकडे घेऊन मांडवासमोर उभे राहतात. ॲप तपासायला त्यांनी पहिल्यांदा ते घरात लावलं, तर काकूंचा मिक्सर ८८. ती नोंद कुठेच नाही. पण त्याच नियमांत सरकारला वर्षात पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सूट देता येते, आणि ते पंधरा दिवस नानांच्या घरी सुतक असतं. खिडक्या लावून, कानात कापूस घालून ते पलंगावर बसतात आणि बाराची वाट बघतात. बारा वाजून एक मिनिटाने त्यांचा फोन महापेला पोचतो. वर्गणी मात्र वेळेवर देतात, पावती घेऊन.

समोरच्या बाल्कनीतून कबुतरांना दाणे टाकणाऱ्या बाईंशी त्यांचं जुनं वैर. पोलिसांनी हात वर केले, महापालिकेतल्या खात्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. २०२५ साली कबुतरखान्यांचा वाद मुंबईत हायकोर्टापर्यंत गेला तेव्हा नानांनी पेपर उघडून बिल्डिंगभर फिरवला. "मी २०१७ लाच लिहून दिलं होतं. अदखलपात्र, म्हणाले." एन.सी.ची ती प्रत त्यांच्याकडे लॅमिनेट केलेली आहे. अशा किती असतील, काकूंनी मोजायचं सोडलंय. या प्रतींसाठी शेवाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याची सोय केली आहे.

एक सांगतो, नानांना कुणाला आत टाकायचं नसतं. ठकठकवाल्या आजी पडल्या तेव्हा रुग्णवाहिका त्यांनीच बोलावली, एकशे आठवर, आणि ती किती मिनिटांत आली ते लिहून ठेवलं. आजी परत आल्यावर त्यांना वही दाखवली. "हे बघा, ६ वाजून ४२ मिनिटांनी तुम्ही शुद्धीत होता." आजींनी चष्मा लावून ती ओळ वाचली आणि नंतर त्या नानांना येणाऱ्या-जाणाऱ्याला वही आणून दाखवायला लावायच्या.

गेल्या उन्हाळ्यात नाना धाकट्या मुलीकडे न्यू जर्सीत एका छोट्या गावी गेले, आणि तिथे त्यांना साक्षात्कार झाला. गावच्या साप्ताहिकात पोलिसांकडे आलेल्या फोनांची यादी चक्क छापून येते! रस्त्यात बदकं उभी आहेत. शेजाऱ्याच्या गॅरेजचा दिवा रात्रभर जळतोय. धुराड्यात काहीतरी खुडबुडतंय. नाना व्हिडिओ कॉलवर आम्हाला एकेक वाचून दाखवायचे, आवाज भरून यायचा. "बदकांची नोंद घेतात हो! आपल्याकडे माणसाची घेत नाहीत."

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या स्वतःच्याच नोंदीची पाळी आली. सकाळी ते माकडटोपी आणि स्वेटर घालून फिरायला निघाले होते. उन्हाळा होता, पण नानांच्या मते परदेश थंडच असतो. वाटेत फुटपाथ अडवून लावलेल्या तीन गाड्या दिसल्या. सवयीने वही निघाली, नंबर उतरवले गेले. कुठल्याशा पडद्याआडून फोन गेला आणि पोलिसांची गाडी नानांच्या शेजारी येऊन थांबली. अधिकारी सभ्य होता. मुलगी धावत आली, खुलासा झाला, सगळे हसले, नाना सोडून.

शुक्रवारी साप्ताहिकात छापून आलं: लोकरी टोपी घातलेला वृद्ध गृहस्थ गाड्यांचे नंबर लिहून घेत असल्याचा फोन, वय सुमारे ८०, चौकशी केली, फिरायला निघाले होते, सर्व ठीक. मुलीला वाटलं वडिलांना वाईट वाटेल, म्हणून तिने अंक लपवला. नानांनी तो शोधला, कात्री मागितली, कात्रण कापलं आणि परतताना हातातल्या बॅगेत ठेवलं. आता ते लॅमिनेट होऊन डब्यात सर्वात वर आहे.

पण नाना समाधानी नाहीत. त्यांचं वय ७१ आहे, छापलंय सुमारे ८०. आणि त्या तीन गाड्यांचा उल्लेखच नाही. मुलीने इंग्रजीत अर्ज लिहून द्यावा म्हणून रोज रात्री फोन चालू आहे. ती उचलत नाही.