अर्थिंग-संप्रदायी

देवबाग-तारकर्लीपासून गोव्यातील शापोरापर्यंत, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटी जिथे लागतात अशा कोणत्याही धक्क्यावर हा गृहस्थ हटकून आढळतो. त्याची स्वतःची बोट बहुधा नसते, असलीच तर ती वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली असते. परंतु दुसऱ्याच्या मशीनचे झाकण निघाले, की तो मागे येऊन उभा राहतो. मशीन म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवलेले इंजिन, अर्थात आउटबोर्ड मोटर. तिला होणारे रोग अनेक असले, तरी त्यांचे कारण या गृहस्थाच्या निदानशास्त्रात एकच असते, आणि ते म्हणजे अर्थिंग; बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणारी काळी वायर कुठेतरी सैल झालेली किंवा खाऱ्या हवेने खाल्लेली आहे, यावर त्याची अढळ श्रद्धा असते.

"आदी अर्थिंग बघ," हे त्याचे महावाक्य होय. लग्नमंडपातला माइक गुरगुरला तरी अर्थिंग, पंचायतीचा पंप बसला तरी अर्थिंग, आणि शेजाऱ्याचा मुलगा दहावीत गणितात अडकला तेव्हाही घराच्या वायरिंगबद्दल त्याने सूचक मौन पाळले होते. (माइकच्या बाबतीत तो खरा ठरला, आणि गावाला ते आजतागायत महाग पडत आहे.)

मात्र या संप्रदायाचे खरे तीर्थक्षेत्र ट्रिम गेज हे होय. मशीन मागच्या फळीशी जो कोन करते त्याला ट्रिम म्हणतात: मशीनचा पाय आत घेतला की नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, खाली बसते, बाहेर काढला की ती उचलते, आणि हाव धरून अधिकच बाहेर काढला तर बोट उड्या मारू लागते व पंखा हवा ओढून नुसताच घुमतो. लहान मशीनला हा कोन खीळ बदलून ठरवावा लागतो; मोठ्या मशीनला तो बटणाने बदलता येतो व किती बदलला ते गेजचा काटा दाखवतो. काट्याला ही बातमी सेंडरकडून मिळते. मशीनच्या ब्रॅकेटवर बसलेला हा छोटा भाग कोन बदलेल तसा आपला विद्युतरोध बदलतो.

काटा मेला की मालक नवे गेज आणतो, आणि नवा काटाही तसाच पडून राहतो. वास्तविक परीक्षा सोपी आहे. गेजच्या पाठीवर तीन टोके असतात: 'आय' हे वीज आत येण्याचे, 'जी' हे अर्थिंगचे आणि 'एस' हे सेंडरचे. चावी चालू ठेवून 'एस'ची वायर काढली असता काटा एका टोकाला गेला, आणि 'एस' व 'जी' वायरच्या तुकड्याने जोडल्यावर विरुद्ध टोकाला गेला, तर गेज निर्दोष असून दोष सेंडरमध्ये किंवा मधल्या वायरीत आहे असे समजावे. काटा हललाच नाही, तर 'आय' आणि 'जी' यांच्यामध्ये मीटरवर बॅटरीचे १२ व्होल्ट येतात का ते पाहावे, आणि ते येत असतील तरच गेजला दोष द्यावा.

एवढे करून सेंडरचा दांडा मिठाने आखडलेला निघतो, किंवा मशीन वर-खाली होते तिथे वायर आतल्या आत तुटलेली सापडते. अर्थिंगचा सिद्धांत इथे कोसळायला हवा, पण तो कोसळत नाही, "सेंडर तरी जाता खंय? अर्थिंगाकच ना?" असा प्रतिप्रश्न येतो, आणि प्रत्येक विद्युत्-मंडल अखेर परतीच्या वाटेलाच मिळत असल्याने त्याचे खंडन पदार्थविज्ञानालाही करता आलेले नाही.

तरीही काही गोष्टी नाइलाजाने नोंदवाव्या लागतात. हिरवट पडलेली टोके पॉलिश पेपरने घासून, ग्रीस लावून तो ज्या बोटी चालू करून देतो, त्यांची संख्या त्याच्या चुकांपेक्षा कमी नाही, कारण खाऱ्या पाण्यात काळी वायर खरोखरच वारंवार दगा देते. पैसे तो घेत नाही. फक्त काढून टाकलेले गेज मागून नेतो, आणि त्याच्या माळ्यावर साठलेल्या त्या गेजांपैकी बहुतेक ठणठणीत आहेत, हे मालकांना त्याने कधीही सांगितलेले नाही.

अलीकडच्या बोटींवर काट्यांऐवजी पडदे आले आहेत. तिथे ट्रिमची बातमी आकड्यांच्या रूपाने केबलीतून येते, वायरचा तुकडा लावून काही कळत नाही, आणि शहरातून आलेला तरुण तंत्रज्ञ लॅपटॉप जोडतो, एक भाग बदलतो, बिल देतो व जेवणापूर्वी परततो. "काका, हे डिजिटल आहे," एवढेच तो मागे उभ्या असलेल्या गृहस्थाला सांगतो, तेही वळून न पाहता. गृहस्थाने त्यावर वाद घातला नाही. त्याने कोणाच्या तरी तुटलेल्या केबलीचा तुकडा मिळवून घरी सोलला, तेव्हा आत विणीच्या वायरसह पाच वायरी निघाल्या, त्यांतली एक काळी होती आणि ती बॅटरीच्या ऋण टोकाकडेच जाते याची त्याने खात्री करून घेतली. सध्या तो तुकडा शर्टाच्या खिशात ठेवून तो त्या तंत्रज्ञाच्या पुढच्या फेरीची वाट पाहत आहे.