माळ्यावरची पहिली रात्र

अमेरिकेत काही हौशी शिकारी मचाण बांधण्याऐवजी कमरेला पट्टा आवळून झाडाच्या खोडाला लोंबकळतात आणि तसेच तासन्‌तास हरणाची वाट बघतात. त्या पट्ट्याला ते सॅडल, म्हणजे खोगीर म्हणतात. घोडा कोण, ते सांगत नाहीत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ने शिकारीला बंदी घातली आहे, तेव्हा आपण नुसतं बघायला बसायचं. कोणाला बघायचं? नाशिक जिल्ह्यात सुरगाण्याच्या बाजूला, नशीब असेल तर भेकर, म्हणजे एक छोटं हरीण.

रात्र वैशाखी पौर्णिमेची निवडा. वनखातंही पाणवठ्यावर बसायला हीच रात्र धरतं, कारण ओहोळ आटलेले असतात, एखाद्या डोहातच पाणी उरतं आणि वर फुकटचा दिवा असतो. या तालुक्यात पाऊस धो धो पडतो, पण नार, पार, अंबिका तो गुजरातला नेऊन पोचवतात. मे महिन्यात इथे माणूस आणि जनावर एकाच डोहावर येतात. त्या डोहाजवळच्या शेतात राखणीचा माळा असेल, तर मालकाला विचारून चढावं. जंगलात बसायचं असेल, तर आधी वनखात्याची परवानगी काढावी.

झाडावरच बसायचं असेल तर साग टाळा. मे महिन्यात त्याच्या अंगावर पान नसतं. सगळी पानं खाली, पापडासारखी वाळून तुमच्या पावलाची वाट बघत असतात. आंबा, जांभूळ बघा. वारा डोहाकडून तुमच्याकडे यायला हवा; उलटा असेल तर तुमचा साबण तुमच्याआधी पोचतो. हरणाच्या डोळ्याला लाल रंग फारसा कळत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. तेव्हा सफेदीच्या पावडरीने धुतलेला पांढराशुभ्र सदरा लग्नाला ठेवा.

आता सामान. मी पहिल्या वेळी काय काय नेलं होतं ते सांगतो, म्हणजे तुम्ही नेणार नाही. चिवड्याची पुडी (शांततेत ती फोडणं म्हणजे पत्र्यावर गारा), वेल्क्रोचं जाकीट, झाकण किरकिरणारा थर्मास, घडीची खुर्ची जी माळ्यावर उघडलीच नाही, दोन टॉर्च आणि किल्ल्यांचा जुडगा. नाशिकच्या घराचं कुलूप सुरगाण्यात कशाला उघडायचं होतं, देव जाणे. नियम एकच पाळा: प्रत्येक वस्तू कानाशी धरून हलवा. वाजली की घरी. या हिशेबाने माझे गुडघेही घरीच राहायला हवे होते.

माळ्याचे मालक सोबतीला आले ते एक फडकं घेऊन. त्यात नागलीची भाकर आणि खुरसणीची चटणी. फडकं वाजत नाही, भाकर वाजत नाही, आणि खाताना तेही वाजले नाहीत. मी पुडीला हात घातला तेव्हा त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

थोड्या वेळाने खालून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज आला. मी कुजबुजलो, "गावातलं कुत्रं दिसतंय."

"भेकर हाय दादा," ते म्हणाले. "तुम्हाला बघून भुकतंय."

संशय आला की भेकर असंच भुंकतं, एकदा नाही, पुन्हापुन्हा. सबंध रानाला तुमचा पत्ता कळतो. मग उतरू नका, खोकूही नका; नुसतं बसा. बसणं जमत नसेल तर मोहाच्या झाडांकडे बघत राहा, फुलं केव्हाच वेचून झालेली असली तरी.

पहाटे चारच्या सुमाराला डोहाकडे हालचाल झाली. मी श्वास रोखला. चांदण्यात आधी हंडे दिसले, मग त्याखालच्या बाया. पाच-सहा जणी होत्या. ना टॉर्च, ना पायांचा आवाज. एकीने वाकून काठावरच्या चिखलाकडे बोट दाखवलं. दोन बोटांएवढे खूर, ताजे, पाण्यापर्यंत गेलेले आणि परत वळलेले.

"आत्ताच पिऊन गेलंय," ती वर बघून म्हणाली. "भाऊ, जागेच असाल तर खाली या न्‌ हंडा उचलू लागा."