ऐकलंत का, टाइमटेबल लागलं!

अहो, ऐकलंत का? कॉलेजचं टाइमटेबल लागलं. जरा अलीकडे या ना, कुंपणाशी. आणि कुठल्या कॉलेजचं ते विचारू नका हं, आज इथं नाव घेतलं की उद्या सकाळच्या गाडीत चर्चा. आपल्या गल्लीतलं कुणी कोपरगावला जातं, कुणी बेलापूर स्टेशनावर उतरून श्रीरामपुरात, कुणी लोणीला, तो कोपऱ्यावरच्यांचा मुलगा तर राहुरीला कृषी विद्यापीठात. त्यातलं एक कुठलं तरी समजा.

तर आमच्या माडीवरच्या मॅडम. भूगोलाच्या हो, सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या. काल आल्या त्या जिन्यातच टेकल्या. मी म्हटलं, काय हो, चेहरा का असा? तर म्हणे काही नाही काकू, सेमिस्टर सुरू झालं. आता सेमिस्टर सुरू झालं म्हणून कुणी असं तोंड करतं का? मी चहा टाकला. अर्धा कप पोटात गेल्यावर मग बोलायला लागल्या...

पहिल्या दिवशी असते ना ती स्टाफ मीटिंग. प्राचार्यांनी गुलाबाचं एकेक फूल दिलं, सुट्टी छान गेली ना, नव्या उमेदीनं लागू या, वगैरे. मग फाइल उघडली. थम दोन्ही वेळा लावायचाच, येताना आणि जाताना. वर्षाचे 180 दिवस शिकवणं भरलंच पाहिजे. नव्या मुलांसाठी ‘दीक्षारंभ’ करायचा, त्याचे फोटो त्याच दिवशी पाठवायचे. अँटी रॅगिंगचा बोर्ड नवा लावायचा, अंतर्गत तक्रार समितीत कोण कोण ते नोटिशीवर टाकायचं, नॅकच्या फाइली अद्ययावत. मॅडम म्हणतात, सगळे माना डोलवत होते आणि टेबलाखाली मोबाइल बघत होते. एकीनं तर भिशीचा हिशोबसुद्धा करून घेतला.

आणि मग मागून टाइमटेबलचा कागद फिरला.

काय सांगू तुम्हाला, मोबाइल झटकन पर्समध्ये! असिस्टंट प्रोफेसर असेल तर आठवड्याला 16 तास शिकवायला हवेत, असोसिएट नि प्रोफेसरना 14. आणि या नव्या शैक्षणिक धोरणानं, ते 2020 चं, पण आपल्याकडच्या बीए-बीकॉमला 2024 पासून लागलं ते, त्यानं सगळे विषय ढवळून काढलेत. इतिहासाच्या सरांचं तोंड एवढंसं झालं म्हणे. बारा तासांवर कागद संपला! बाकीचे चार आणायचे कुठून? पलीकडे बसलेल्या इंग्रजीच्या मॅडम हळूच म्हणाल्या, सर, ओपन इलेक्टिव्ह घ्या ना एखादं. सर म्हणाले, मॅडम, तुमच्याकडं जास्त झालंय म्हणून सांगताय का? झालं, त्यानंतर दोघं एकमेकांकडं बघेनात.

हे ओपन इलेक्टिव्ह म्हणजे भलतीच गंमत आहे बरं का. मुलानं स्वतःच्या शाखेबाहेरचा विषय घ्यायचाच, असा नियम. त्यामुळं कॉमर्सचे सर आर्ट्सच्या पोरांना पैशाचा हिशोब शिकवणार आणि बॉटनीच्या मॅडमना मिळाली परसबाग. त्या मॅडम, ज्यांच्या दारातली तुळस दर उन्हाळ्यात वाळते, त्या! रविवारी माझ्या घेवड्याचे आणि तुमच्या शेवग्याचे फोटो काढून नेले कुंपणावरून. मी म्हटलं, नुसते फोटो काय नेता, मलाच न्या ना शिकवायला. त्या हसल्या, पण जरा विचारात पडल्यासारख्या वाटल्या मला...

तर काय सांगत होते? हां, ऑफिसातले भाऊ. त्यांचे तर हाल बघवत नाहीत. ते एबीसी काढायचं असतं ना, क्रेडिटची बँक. आपल्या भिशीसारखंच आहे ते. मूल जेवढं शिकलं तेवढं क्रेडिट नावावर जमा, मध्येच शिक्षण सोडलं तरी बुडत नाही, सात वर्षं टिकतं. एक वर्ष करून बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दोन केली तर डिप्लोमा, तीन केली तर डिग्री, चौथं केलं तर ऑनर्स. कागदावर किती सुंदर! पण खातं उघडायला आधार लागतं, आणि आधारवर मुलीचं नाव एक, बारावीच्या मार्कशीटवर दुसरंच. काल खिडकीशी एक पोर उभी होती. मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर वडिलांचं नावच नाही. भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला, म्हणाले, ओटीपी सांग. पोरगी म्हणते, तो पप्पांच्या मोबाइलवर जातो. मग पप्पांना लाव फोन. पप्पा गेलेत उसाला पाणी धरायला, लाइट रात्रीची होती ना, आत्ता झोपले असतील, नाहीतर बांधावर असतील. इकडं ओटीपीची दहा मिनिटं संपली. मागं रांग दारापर्यंत. भाऊ काही बोलले नाहीत, नुसता चष्मा परत नाकावर घेतला आणि म्हणाले, पुढचा.

त्यात दुसरं. प्रत्येक बाप येऊन विचारतो, मुलींना सगळं फुकट झालंय ना? मग फी कसली मागता? भाऊ रोज सांगून थकले. अहो दादा, ते जुलै 2024 चं, इंजिनिअरिंग-फार्मसीसारखे व्यावसायिक कोर्स आहेत ना, त्यांना. शासनाच्या प्रवेशफेरीतून आलेली मुलगी हवी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी नाहीतर ओबीसी, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत. बाप म्हणतो, टीव्हीवर असं नाही सांगितलं. भाऊ म्हणतात, मग टीव्हीवाल्यांकडंच भरा फॉर्म! असं बोलले म्हणे खरंच. आणि मागं उभे असलेले उपप्राचार्य खोकले.

शिक्क्यांचं ऐकलंत का? जिल्ह्याचं अहिल्यानगर झाल्याला आता काही नवल राहिलं नाही, 2024 ची गोष्ट. पण कपाटात जुन्या लेटरहेडची रिमंच्या रिमं पडून होती. एक हिशेबी मॅडम पेनानं खोडून खोडून वापरायला निघाल्या. तर आपल्या गावचे ते सर म्हणाले, मॅडम, अहिल्यादेवींनी आमच्या गोदावरीला दगडी घाट बांधून दिला, तुम्हाला एक रबरी शिक्का बांधून होईना? सगळी स्टाफरूम हसली. त्या मात्र हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शिक्का आला पण हो.

हेच सर हं, कोऱ्या फॉर्मवाले. ते नाही माहीत? अगं बाई! दर वर्षी स्वतःचं मूल्यमापन भरून द्यायचं असतं. किती पेपर छापले, किती सेमिनारला गेलात, काय नवीन केलंत. ‘नवोपक्रम’ या रकान्याखाली सरांनी काही लिहिलंच नाही, पान कोरं. प्राचार्यांनी भर मीटिंगमध्ये पान वर धरलं, हे काय सर? तर हे शांतपणे म्हणतात, सर, मी पुणतांब्याचा. आमच्या चांगदेवांनी ज्ञानोबांना कोरं पत्र पाठवलं होतं, तर 65 ओव्यांचं उत्तर आलं. प्राचार्यही काही कमी नाहीत. म्हणाले, तुम्हालाही येईल, पण 65 कलमांची नोटीस येईल! आता सर रोज रात्री समाधी मंदिरातून आले की दिवा लावून ते कोरं पान भरत बसतात. त्यांच्या मिसेसनीच सांगितलं मला. भारतीय ज्ञान प्रणाली म्हणून नवा विषय आलाय, त्यात चांगदेव बसवतो म्हणतात. बसवतीलही, नेम नाही.

आणि आपल्या शिपाईमामांना निरोप दिला बरं का. साठ झाले त्यांना. शाल, श्रीफळ, भाषणं. एक प्राध्यापक बोलायला उठले ते मामांबद्दल कमी आणि पेन्शनबद्दल जास्त बोलले. कारण मामा 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेले, त्यांना जुनी पेन्शन. भाषण करणारे नंतरचे. मार्च 2023 ला एवढा आठवडाभर संप केला होता यांनी सगळ्यांनी, आठवतंय ना? मामा गप्प बसून ऐकत होते, शेवटी उठले आणि म्हणाले, सर, पेन्शन घ्या माझी, पण ती घंटा उद्यापासून कोण वाजवणार ते सांगा. कुणाला उत्तर येईना. त्या जागेवर नवीन माणूस भरायची परवानगी नाही अजून. सध्या घंटा कोण देतंय माहितीये? स्पोर्ट्सचे सर. शिट्टी मारतात.

तर काय सांगत होते... हां, पोरी आल्या होत्या तुमच्याकडं? फील्ड प्रोजेक्टवाल्या? आमच्याकडं आल्या, हातात छापील फॉर्म. क्रेडिट मिळायचं तर वर्गाबाहेर तास भरायला लागतात, मग गावातच हिंडतात. विषय काय, तर पुणतांब्याचा शेतकरी संप. ह्यांना तर स्वर्ग दोन बोटं उरला! खुर्ची अंगणात, टोपी डोक्यावर. ग्रामसभेतला ठराव, 1 जून 2017 चा दिवस, रस्त्यावर ओतलेलं दूध, मग 24 जूनला सरकारनं जाहीर केलेली 34,022 कोटींची कर्जमाफी, दीड लाखापर्यंतची, सगळं सांगितलं. 2022 ला परत 1 जूनलाच धरणं धरलं, तेही. पोरी लिहून लिहून दमल्या. शेवटी एकीनं विचारलं, काका, दुधाचा पहिला कॅन कुणी ओतला? हे म्हणाले, मीच की. पोरीनं वही चाळली आणि म्हणाली, काका, तुम्ही पाचवे.

मी पदर तोंडात कोंबला हो! रात्री जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

राहुरीकडच्या कृषिकन्याही येतील आता. सातव्या सेमिस्टरला त्यांना गावातच राहायचं असतं ना. मागं आलेल्या पोरींनी मारुतीच्या पारासमोर रांगोळीनं अख्खं गाव काढलं होतं, निळी गोदावरी, काळे रूळ, हिरवा ऊस. आणि तुमच्या दिरांनी काय वाद घातला होता, आमचं घर ओढ्याच्या अलीकडं आहे, पलीकडं का काढलं म्हणून! शेवटी त्या पोरीनं फुंकर मारून घर उडवलं आणि पुन्हा काढून दिलं. बरं, ते जाऊ दे.

मूळ गोष्ट राहिलीच. आमच्या मॅडम. टाइमटेबलवर त्यांचं नावच नाही. म्हणजे आहे, पण नावाच्या जागी नुसतं ‘सीएचबी’ लिहिलंय. माणूस नाही, तीन अक्षरं. सेट झालीये, पीएचडी जमा केलीये, पण दर वर्षी नव्यानं जाहिरात, नव्यानं मुलाखत, नव्यानं ऑर्डर. मे महिन्यात पगार नाही, आणि सुरू झाल्यावरही बिल मंजूर होईस्तोवर महिने जातात. 2021 ला सरकारनं 2088 जागा भरायला मान्यता दिली होती, तेव्हा आम्ही पेढे आणायचे बाकी होते. मॅडमच्या विषयाची जागा काही निघाली नाही. भाडं मी मागत नाही हो, त्याच आणून देतात, तेही पाकिटात घालून. मलाच लाज वाटते.

आणि यंदा वर्कलोडच हलायला लागलाय. आता मुलं विषय निवडतात, एक मेजर, एक मायनर. ज्या विषयाला पोरं कमी, त्याची बॅच उडाली. बॅच उडाली की तास उडाले, आणि पहिला घाव सीएचबीवर. कायमच्या सरांना दुसरं काही शिकवायला देतात, परसबाग म्हणा, काही म्हणा. सीएचबीला कोण देणार? मॅडमनी परवा नकाशे काढून वर्गाबाहेर लावले, पोरांना बोलावून बोलावून सांगितलं, भूगोल घ्या, जीपीएस शिकवते, पाऊस मोजायला शिकवते. आणि तेवढ्यात राज्यशास्त्रवाले पोरांना स्पर्धा परीक्षेचं आमिष दाखवून घेऊन गेले पलीकडच्या वर्गात! म्हणजे काल आल्या ना जिन्यात बसायला, त्या आधी हे झालं होतं.

बघा, प्राचार्यांच्या फाइलीत पन्नास सूचना होत्या, त्यातली एकही कुणाच्या चुलीपर्यंत गेली नाही. तो टाइमटेबलचा कागद मात्र प्रत्येकाच्या घरी गेला. कुणाची सकाळची गाडी चुकणार, कुणाचं पोर पाळणाघरात जाणार, आणि कुणाला माडी रिकामी करावी लागणार, सगळं त्या चौकोनांत.

आता मी तुम्हाला एवढा वेळ का धरून ठेवलं ते सांगते. तुमच्या धाकट्या जावेची मुलगी, तिनं आर्ट्सलाच घातलंय ना नाव? विषय अजून पक्के झाले नाहीत म्हणत होती. तिला म्हणावं भूगोल घे. ती घेईल तर तिच्या त्या दोन मैत्रिणी घेतील, त्या तिघी एकमेकींशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत. आणि त्या गाडीतल्या पोरींनाही सांगू दे. शनिवारपर्यंत फॉर्म बदलता येतो, भाऊंना मी आधीच विचारून ठेवलंय. ओटीपीसाठी मात्र तिच्या पप्पांना घरी बसायला सांगा हं, पाणी दुसरं कुणी धरेल.

आणि मॅडमना यातलं काही बोलू नका. माझं नाव तर मुळीच नको.