स्ट्रेंथ जोरात, क्वालिटी शून्य

चांदीपमध्ये डिशची छत्री बसवायला छपरावर एकच जण चढतो. अक्कल शिकवायला मात्र अख्खी आळी खाली जमते. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, जवळपास ३६,००० किलोमीटर उंचावर. इथून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर. पण वास्तुवाल्यांनी आग्नेय स्वयंपाकघराला देऊन टाकलेली, म्हणून एक काका छत्री ईशान्येकडे फिरवायला लावतात.

‘आलं का?’

‘आलेलं, गेलं!’

पडद्यावर दोन पट्ट्या: स्ट्रेंथ ९०, क्वालिटी शून्य. म्हणजे वायर नीट जोडलीय, उपग्रहाचा मात्र पत्ता नाही. निराश होऊ नका. एवढ्या भांडवलावर लोक निवडणुका जिंकतात.