लाल डिझेलचं सोवळं

अमेरिकेत डिझेललाही सोवळं-ओवळं असतं. हायवेवरच्या ट्रकने प्यायचं ते बिनरंगाचं, गॅलनमागे २४.४ सेंट केंद्रीय कर भरलेलं. शेतातला ट्रॅक्टर नि जनरेटर पितात ते करमुक्त, म्हणून मुद्दाम लाल केलेलं. इंजिनाला यातलं काही कळत नाही. कळतं ते करखात्याला. त्यांचा माणूस ट्रक बाजूला घेतो, टाकीत नळी सोडतो, थोडं डिझेल ओढून बाटलीत धरतो आणि उजेडाकडे करून बघतो. लालसर झाक दिसली, की हजार डॉलर किंवा गॅलनला दहा, जे जास्त असेल ते. टाकीला हात लावू दिला नाही, तरी हजार आहेतच. पुन्हा सापडलात, तर आकडा आणखी चढतो.

शाळेच्या बसला आणि नगरपालिकेच्या कचरागाडीला मात्र केंद्रीय नियमाने हेच लाल डिझेल भर रस्त्यात चालतं. सरकारी ओवळं बहुधा विटाळत नसावं! २०१७ मध्ये इर्मा वादळाने फ्लोरिडात इंधनाची टंचाई झाली, तेव्हा खात्याने मोठ्या मनाने ट्रकवाल्यांचाही दंड काही दिवस माफ केला. अट एकच : गॅलनमागचे ते २४.४ सेंट तेवढे भरा.